धुळाजी शिंप्याचा टूटू

निजामाच्या अमदानीत धारूरच्या पेठेत धुळाजी नावाचा एक शिंपी होऊन गेला. दिसायला किरकोळ, कमरेत किंचित वाकलेला, कानावर कायम खडूचा तुकडा. पण बोलायला लागला की हैदराबादचे दरबारी दर्जी याच्याच हाताखाली शिकून गेले असावेत, असं ऐकणाऱ्याला वाटावं. त्याच्याजवळ हातानं फिरवायचं एक मशीन होतं, एक जाडजूड कात्री होती आणि एक अभिमान होता. मशीन अधूनमधून रुसायचं, कात्रीला धार लावून आणावी लागायची. अभिमान मात्र बारा महिने तेरा काळ धडधाकट.

त्या अभिमानाचं कारण असं की तीस वर्षांत त्यानं शिवलेला एकही कपडा परत आला नव्हता. निदान तो तसं सांगायचा. पाटलांची बंडी असो, शाळेच्या मास्तरांचा कोट असो की पोलिसठाण्याच्या अमीनसाहेबांची शेरवानी असो, एकदा दुकानाची पायरी उतरली की उतरली. "माझा कपडा आन् सुटलेला बाण," असं म्हणून तो बोट वर करायचा आणि पुढचं वाक्य समोरच्यानं पुरं करावं म्हणून थांबायचा. गावकऱ्यांना पुढचं पाठ झालं होतं, त्यामुळे ते मुद्दाम गप्प बसायचे.

पुरुषांची मापं तो दोऱ्याला गाठी मारून घ्यायचा. बाईमाणसाचं माप घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण तशी रीतच नव्हती. बाई दुकानाच्या पायरीशी यायची, नवा खण आणि आपली जुनी चोळी ठेवायची, "ही मापाची," एवढं म्हणायची आणि पदर सावरून निघून जायची. धुळाजी मान वर करायचा नाही. जुनी चोळी पाटावर पसरायची, तिच्यावर खण धरायचा, खडूची रेघ, कात्री, शिवण. जशी जुनी तशी नवी. अर्ध्या धारूरच्या चोळ्या त्यानं शिवल्या, पण चोळी अंगावर बसते कशी ते त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. याचाही त्याला अभिमान होता. अभिमानाच्या बाबतीत तो कंजूस नव्हता.

पहिलं मोठं युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली असतील. चैत्राचे दिवस होते. घाट चढून एक सर्कस धारूरला आली आणि किल्ल्याच्या पायथ्याच्या माळावर उतरली. सर्कस म्हणजे काही फार मोठी नव्हे. आठ-दहा बैलगाड्या, एक दात पडलेला वाघ, एक अस्वल, चार घोडी आणि वीसेक माणसं. मालक विठ्ठलराव कृष्णाकाठचा. मिशा तंबूला ताण देतील अशा, आणि डरकाळी वाघाला जमत नव्हती म्हणून ती याला फोडावी लागायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलराव धुळाजीच्या दुकानाशी आला. त्याच्यामागं एक तिशीची बाई होती. अंगानं सडसडीत, चालणं ताठ, हातात एक गाठोडं. ही वच्छलाबाई, सर्कशीतली घोड्यावरची बाई. घोडं गोल पळत असताना त्याच्या उघड्या पाठीवर उभं राहून नाचणं हा तिचा खेळ.

"मास्तर, परवाच्या दिवशी न्हाई, त्याच्या पुढच्या दिवशी तुमचा बाजार," विठ्ठलराव म्हणाला. "बाजाराच्या खेळाला हिचा झगा तयार पायजे. झगा झाला तर ही घोड्यावर. न्हाई झाला तर सायकलवाली पोरगी घोड्यावर आन् ही तिकिटाच्या खिडकीत. मला काय, दोन्ही चालतंय."

त्याला खरं तर दुसरंच जास्त चालणार होतं. सायकलवाली पोर सतरा वर्षांची होती. वच्छलाबाईला ते ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे विठ्ठलरावाला कळू न देण्याएवढी ती शहाणी होती.

मालक गेल्यावर तिनं गाठोडं सोडलं. आतून एक पांढरट, मळकट, जाळीदार असं काहीतरी निघालं. धुळाजीनं ते चिमटीत उचललं. ते लोंबलं.

"हे काय हाय?"

"झगाच हाय, मामा. ह्याला टूटू म्हणत्यात. आमच्या सर्कशीत पहिल्यानं एक मेमबाई व्हती, तिचा हा. ती मायदेशी गेली तवा मला देऊन गेली. बारा-तेरा वर्षं वापरला. घाट चढताना पेटी फुटली, तवा कुणीतरी अस्वलाच्या गाडीत टाकला. अस्वल तीन कोस त्याच्यावर बसून आलं."

धुळाजीनं वास घेतला. अस्वलाबद्दल शंका राहिली नाही.

"ह्याच्यासारखाच नवा पायजे," ती म्हणाली. मग गाठोड्याच्या फडक्याची घडी करत म्हणाली, "मी नांदूरघाटची हाय, मामा. मोठ्या दुष्काळात बापानं सर्कशीत दिली, तवा सात वर्षांची व्हते. ह्या मुलखात सर्कस पहिल्यांदाच आली. धारूरच्या बाजाराला आमच्या गावच्या गाड्या येत्यात. माझी थोरली बहीण येईल. तिनं मला खिडकीत तिकिटं फाडताना बघू नये, एवढंच."

धुळाजीनं मान वर केली नाही, पण त्याला ते लागलं. तो म्हणाला, "माप हाय ना? मग काळजी सोड. माझा कपडा आन् सुटलेला बाण." आणि बोट वर करून थांबला. वच्छलाबाई धारूरची नसल्यामुळे ती पुढचं ऐकायला थांबली, आणि धुळाजीला कित्येक वर्षांनी ते वाक्य पुरं करायची संधी मिळाली.

आता कापड. तसली जाळी पेठेत कुणाकडेच नव्हती. नाही म्हणायला खुद्द धुळाजीच्या फळीवर पांढऱ्या जाळीचा एक आख्खा तागा पडला होता. अमीनसाहेबांना धारूरचे डास मानवत नसत, म्हणून त्यांनी बीडहून मच्छरदाणीसाठी ती मागवली होती. धुळाजी बराच वेळ त्या ताग्याकडे बघत बसला. बीडला जाणारा गाडीवान ओळखीचा होता. तसलीच जाळी आठवड्याभरात आणवता येईल. डास काय, आठवडाभर थांबतील. थांबले नाहीत तरी ते अमीनसाहेबांना चावणार होते. असा सगळ्या बाजूंनी विचार करून त्यानं कात्री घेतली.

दोन दिवस तो खाली मान घालून शिवत होता. काम सोपं नव्हतं. जुन्या झग्याला कमरपट्टीखाली जाळीचे थरावर थर होते. धुळाजीनं ते एकेक उचलून मोजले. डावीकडे नऊ होते, उजवीकडे सहा. त्यानं नव्यालाही डावीकडे नऊ आणि उजवीकडे सहाच लावले. मागचा भाग पुढच्यापेक्षा चार बोटं लांब होता. त्यानं तो चार बोटं लांब ठेवला. जुना झगा एका अंगानं खाली ओघळला होता, तो ओघळ कसा आणावा यात तर त्याची एक अख्खी दुपार गेली. शेवटी तिथं आतून दुमड घालून त्यानं तोही हुबेहूब आणला. बायको मुक्ताबाई दारातून बघत होती.

"अवो, हे असं लोंबतंय कावून?"

"माप तसं हाय."

"घोड्यावर असं लोंबलं तर घोडं बुजंल की."

"घोड्याचं घोडं बघंल. तू भाकरी बघ."

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी तो झगा घेऊन माळावर गेला. वच्छलाबाई हरखून राहुटीत गेली. बराच वेळ बाहेर येईना. आली तेव्हा तिच्या पायांत अंगाबरोबरची घट्ट विजार होती आणि कमरेला धुळाजीचं तीस वर्षांचं नाव ओलं झाल्यासारखं लोंबत होतं. मागून चार बोटं जास्तच.

"मामा, बघा."

धुळाजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. "मी बायांकडं बघून कपडा शिवत न्हाई."

"मग कशाकडं बघून शिवता?"

"मापाकडं."

"हे माझं माप न्हाई, मामा," वच्छलाबाई म्हणाली, "हे अस्वलाचं हाय."

आजूबाजूला घोड्यांना खरारा करणारी माणसं हसली. धुळाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं झग्याच्या घड्या हातानं वर उचलून धरल्या. हा टूटू पहिल्यापासून असा लोंबता नव्हता, ती सांगू लागली. तो कमरेपाशी ताठ, आडवा उभा राहायचा. वर्षावर्षांनी त्याची कांजी गेली, उजवीकडचे थर एकदा कनातीच्या खिळ्याला अडकून फाटले, ते काढून टाकले. मागचा भाग ओढून ओढून सैल पडला. बाकीचं अस्वलानं केलं. "मी म्हटलं ह्याच्यासारखा नवा. तुमी ह्याच्यासारखा जुना केला." हे बोलताना ती हसत होती, पण बोलून झाल्यावर खाली बसली आणि तोंडावर हात घेतले.

रडणारी बाई समोर असताना अंगठ्याकडे बघत राहायला माणूस फार पक्का लागतो. धुळाजी तेवढा पक्का निघाला नाही. त्यानं मान वर केली. आपला कपडा परत आला हे तो त्या क्षणी विसरला, यावरून काय ते समजावं.

"ऊठ माय," तो म्हणाला. "घोड्यावर बस. कसा पायजे ते मला बघू दे."

मग धारूरच्या माळावर, भर सकाळी, धुळाजी शिंपी उपड्या बादलीवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडे बघू लागला. सुरुवातीला एक डोळा मिटून. घोडं फिरू लागलं, वच्छलाबाई त्याच्या पाठीवर उभी राहिली, दोन्ही हात वर केले, एका पायावर गिरकी घेतली आणि पुन्हा तिथंच उतरली. धुळाजीचा दुसरा डोळा केव्हा उघडला ते त्यालाही कळलं नाही. खेळ सगळा पायांत होता. पाऊल पाठीवर कुठं टेकतं, चवडा केव्हा उचलतो, गुडघा किती वाकतो. आणि त्याचा झगा बरोब्बर त्या पायांच्या आड येत होता. उजवीकडे कमी, मागं जास्त.

ती घाम पुसत येऊन बसली, तेव्हा त्यानं विचारलं, "पण एवढा आखूड कुणी काढला हा?"

"पहिल्यानं आखूड नव्हता, मामा. मेमबाई सांगायची. तिकडं परमुलखात राजाच्या पुढं नाचणाऱ्या बाया पायघोळ घालायच्या. पाय काय करत्यात ते कुणालाच दिसायचं न्हाई. बाप्ये उड्या मारायचे आन् तारीफ घेऊन जायचे. एका बाईला त्या उड्या त्यांच्यासारख्याच जमायच्या, पण झग्याच्या आत मारून काय उपेग? तिनं झगा घोट्याच्या वर घेतला. लई बोभाटा झाला."

"म्हंजी तिकडं बी पेठ हायेच म्हणायची."

"मग शंभर वर्षांनी दुसरी एक आली. तिनं पोटरीपतोर, पांढरा, पातळ, थरांवर थर असा घातला आन् चवड्यावर नाचली. लोकांना वाटलं बाई भुईवर टेकतच न्हाई. तसलं झिरझिरीत कापड म्हणे तवर आपल्याकडनंच जात आलेलं."

हे ऐकून धुळाजीची मान ताठ झाली. ते त्यानंच पाठवलं होतं, असा त्याचा चेहरा झाला.

"मग तो गुडघ्यापतोर चढला, मग गुडघ्याच्या वर, मग असा आडवाच उभा राहिला. एका पोरीचा झगा दिव्यावर पेटला, ती जळून गेली. कापड पेटू नये म्हणून औषध निघालतं, पण त्यानं झगा पिवळा पडायचा, म्हणून तिनं नको म्हटलतं."

"आन् तरी बाया घालत्यात?"

वच्छलाबाईनं जाळीवरून बोट फिरवलं. "मामा, मी सर्कशीत आले तवा पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. आल्या आल्या मेमबाईला ह्यात घोड्यावर बघितलं. मला वाटलं, हे अंगावर असलं म्हंजी माणूस खाली पडतच न्हाई. आता ठाव हाय, पडतं. चारदा पडले. पण घातला की अजून तसंच वाटतं."

धुळाजीनं झगा घेतला आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

घरी मुक्ताबाईनं गच्चीवर कुरडयांचा घाट घातला होता. गव्हाचा चीक चुलीवर रटरटत होता. धुळाजीनं सगळं सांगितलं, अस्वलाचं सोडून. पण माणसं हसली हे सांगितल्यावर कशाला हसली ते सांगावं लागलं, आणि मग मुक्ताबाईही हसली. हसून झाल्यावर ती झगा हातात घेऊन बसली. आखूडपणाचं तिला काही वाटलं नाही. "खुरपायला गेलं की आमी बी लुगडं वर खोचतोच की," ती म्हणाली. "पाय हालवायचे तर पाय मोकळे नकोत का?"

तिचं म्हणणं असं पडलं की सगळे थर एका लांबीचे असले तर एकमेकांच्या वजनानं सगळेच खाली येणार. सगळ्यांत खालचा थर अगदी आखूड हवा, त्याच्यावरचा थोडा लांब, त्याच्यावरचा आणखी. म्हणजे खालच्यानं वरच्याला उचलून धरायचं. मडक्यांची उतरंड उलटी मांडावी तसं. आणि थर नुसते एकावर एक ठेवून चालणार नाहीत. वाकळेला घालतात तसे लांब लांब, ढिले टाके घालून ते आतून एकमेकांना बांधायचे. घट्ट घातले तर चुरगळतील, नाही घातले तर फाकतील. तीस वर्षं मशीन फिरवणाऱ्या धुळाजीला हे सुचलं नव्हतं. त्यानं ते कबूल केलं नाही, पण सुईत दोरा ओवून तिच्या हातात दिला.

दुपारपर्यंत दोघांनी मिळून झगा उसवला आणि दहा थरांचा नवा बांधला. राहिला ताठपणा. चुलीवर चिकाचा दुसरा घाणा रटरटत होता. धुळाजीनं चुलीकडे बघितलं. मुक्ताबाईनं त्याच्याकडे बघितलं.

"कुरडया होऊ द्या की माझ्या," ती म्हणाली, पण तोवर त्यानं चिकाचं पातेलं उतरवलं होतं.

चिकात पाणी घालून त्यात झगा बुडवला, हलका पिळला आणि गच्चीवर, सकाळी घातलेल्या कुरडयांच्या शेजारी, लुगड्यावर गोल पसरून ठेवला. चैत्राचं ऊन. तासाभरात थर कडकडीत उभे राहू लागले. शेजारची भामाबाई आपल्या गच्चीवर शेवया गोळा करायला आली. तिनं ते पांढरं, जाळीदार, गाडीच्या चाकाएवढं प्रकरण पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"मुक्ताबाई, एवढी मोठी कुरडई? तळायची कशात?"

मुक्ताबाई म्हणाली, "कढई बीडहून यायचीय." भामाबाईनं ते खरं धरलं, आणि दिवेलागणीपर्यंत पेठेत सगळ्यांना कळलं की धुळाजीच्या घरी कुणीतरी मोठा पाहुणा जेवायला येणार आहे.

संध्याकाळी झगा माळावर पोचला. वच्छलाबाईनं तो कमरेला चढवला आणि तो कमरेपाशी आडवा, ताठ, सगळीकडून सारखा उभा राहिला. तिनं गिरकी घेतली. झग्यानं तिच्याबरोबर घेतली. धुळाजी बघत होता, या वेळी दोन्ही डोळ्यांनी. सगळं झकास झालं होतं. फक्त घोड्याला ते जास्तच आवडलं. गव्हाचा वास आल्याबरोबर त्यानं मान वळवली आणि मागचा एक घास घेतला.

पुन्हा घरी. पुन्हा मुक्ताबाई. तिनं कडुलिंबाचा पाला ठेचून त्याचं पाणी काढलं, ते थरांवर शिंपडलं आणि घोड्यानं खाल्लेल्या जागी ठिगळ लावलं. सकाळी घोड्यानं हुंगून पाहिलं, नाकपुड्या फेंदारल्या आणि विषय सोडून दिला.

बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला तंबू खच्चून भरला. केजकडच्या, नांदूरघाटच्या गाड्या माळभर सुटल्या होत्या. पुढं खुर्च्यांवर पाटील आणि अमीनसाहेब. अमीनसाहेबांच्या गालांवर डासांनी केलेले चार-पाच फोड स्पष्ट दिसत होते, त्यामुळे धुळाजी त्यांच्यापासून शक्य तेवढ्या लांब, खांबाच्या आड उभा राहिला. मुक्ताबाई बायकांच्या बाजूला चटईवर.

बँड वाजला, पडदा सरकला आणि वच्छलाबाई घोड्यावर उभी राहून आत आली. चटईवरच्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले. पुरुषांत कुजबूज झाली. घोडं एक फेरी फिरलं, दुसरी फिरलं. तिसऱ्या फेरीला तिनं दोन्ही हात वर केले, घोड्याच्या पाठीवरून उसळली, हवेत वळली आणि एका चवड्यावर उतरली. ते दहा थर तिच्याबरोबर उचलले आणि तिच्याबरोबरच अलगद खाली टेकले. पदर तोंडावरून कधी खाली आले ते बायकांना कळलं नाही. मग टाळ्यांना जी सुरुवात झाली ती विठ्ठलरावानं चाबूक वाजवला तरी थांबेना. तिला आणखी चार फेऱ्या माराव्या लागल्या. धुळाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबूत भुसा उडतो, असं तो नंतर सांगायचा.

खेळ सुटल्यावर गर्दीतून अमीनसाहेब थेट खांबाकडे आले. धुळाजी खांबाला आणखी चिकटला.

"शिंपीजी, वो बाई का झगा तुमीच सिये ना? क्या उम्दा कपडा है जी! हमारी मच्छरदाणी बी ऐसेच कपडे की सीना."

"जी हुजूर," धुळाजी म्हणाला. "अगदी ह्याच कपड्याची."

राहुटीच्या मागं एक काळीसावळी, चाळिशीची बाई उभी होती. जवळ जावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. वच्छलाबाई तशीच, टूटूसकट, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग थोरलीनं हात पुढं केला, त्या जाळीला भीत भीत बोट लावलं आणि म्हणाली, "पडशील की गं." एवढंच म्हणाली. मग दोघी रडल्या आणि मध्ये झगा असल्यामुळे त्यांना गळाभेट काही धड घेता येईना. विठ्ठलरावानं लांबून पाहिलं. सायकलवाल्या पोरीला त्यानं सायकलीकडे धाडलं.

चार दिवसांनी सर्कस घाट उतरून गेली. अमीनसाहेबांना मच्छरदाणी मिळाली. पेठेत धुळाजीचं नाव आणखी मोठं झालं, आणि आता तो ते आणखी मोठं करून सांगत हिंडेल अशी सगळ्यांची खात्री होती. पण तो गप्प गप्प असायचा. पायरीशी कुणी बाई आली, खण आणि जुनी चोळी ठेवून वळली, की तो ती चोळी हातात घेऊन नुसता बसून राहायचा. उलटीसुलटी करायचा. काखेत कुठं झिजलीय, कुठं ताणलीय ते बोटानं चाचपायचा. काम पुढं सरकत नव्हतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. मुक्ताबाईनं नवा खण आणि आपली एक जुनी चोळी पाटावर आणून ठेवली, दर वर्षी ठेवायची तशी.

"ही नको," धुळाजी म्हणाला. "उभी राहा."

"म्हंजी?"

"अंगावर कशी बसते ते बघू दे."

मुक्ताबाईला वाटलं, याला ऊन लागलं. पण ती उभी राहिली, लाजून भिंतीकडे तोंड करून. धुळाजीनं तिचा हात धरून थोडा वर केला. चोळीच्या बाहीचा मुंढा काखेत रुतला होता. कापड बाजूला सारून त्यानं पाहिलं, तर तिथं कातडीवर एक काळी, जाड रेघ पडली होती. बैलाच्या मानेला जू लागून घट्टा पडतो, तसला घट्टा.

"हे काय?"

"काचतं तिथं."

"कधीपास्नं?"

"पहिल्या चोळीपास्नं. ती बारक्या वयातली, घट्ट व्हत गेली. तुमी दुसरी तिच्यावरनं बेतली. मग तिसरी दुसरीवरनं."

"तीस वर्षं? आन् बोलली कावून न्हाईस?"

"कुणाला बोलू? बाया आपल्यात बोलतात की. सगळ्यांच्याच काचतात कुठं ना कुठं." मग त्याच्या तोंडाकडे बघून तिला वाईट वाटलं, आणि ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "शिवण लई पक्की असती तुमची. उसवत न्हाई."

धुळाजी पाटावर बसला. तिच्यावर रागवावं असं त्याला वाटत होतं, पण राग कुठून सुरू करावा तेच सापडत नव्हतं. शेवटी त्यानं दोरा घेतला, तिच्या खांद्याभोवती ढिला फिरवला आणि गाठ मारली. त्या दिवशी त्यानं दुसरं कुठलंही काम हातात घेतलं नाही. मुंढा दोन बोटं मोकळा बेतला, काखेत एक वेगळा तुकडा घातला, आणि दिवस कलायच्या आत चोळी तिच्या हातात दिली.

मुक्ताबाई ती घालून चुलीपाशी गेली. आखाजीला आणलेलं नवं मडकं फळीवर ठेवायचं होतं. वरची फळी उंच होती. ती नेहमी पाटावर चढून ठेवायची. आज तिनं पाट घेतला नाही. दोन्ही हात उचलले, आणि ते जात राहिले, कानांच्या वर, डोक्याच्या वर, पार सरळ. मडकं फळीवर टेकलं. तरी तिनं हात खाली घेतले नाहीत. टाचा उचलून, हात वर करून ती तशीच उभी होती, आणि धुळाजी दारातून बघत होता.